ध्यानाचा एक दिवस चुकला तर? ‘पुन्हा पहिल्यापासून’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज आमच्या ठाण्यातल्या घोडबंदरच्या सोसायटीच्या ग्रुपवर, उपवन तलावावर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर आणि नात्यातल्या ग्रुपवरही येऊन गेला. त्याचा सारांश असा: रोज पहाटे ४ वाजता, ब्राह्ममुहूर्तावर उठा. मन पूर्ण निर्विचार करून तासभर बसा. असं सलग २१ दिवस करा. एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजा. २१ दिवस झाले की सवय कायमची लागते, मेंदूची रचना बदलते आणि बीपीच्या गोळ्या सुटतात.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण हा मेसेज वाचून उत्साहाने बसायला लागलेली आणि आठ-पंधरा दिवसांत ‘आपल्याला नाही बाई जमत’ म्हणून उठलेली माणसं मी पाहते आहे. त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण बसणं त्यांना जमत होतं, अटी जमत नव्हत्या.

आधी २१ दिवसांचं बघू. हा आकडा जगभर पसरला तो मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनमुळे. शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० साली लिहून ठेवलं. त्याचा ध्यानाशी काही संबंध नव्हता. सवय खरोखर कशी लागते हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी गोष्ट १२ आठवडे रोज करून पाहिली. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, आणि माणसामाणसांतला फरक, १२ आठवड्यांच्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधून, १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. म्हणजे बाविसाव्या दिवशीही बसायचा कंटाळा आला, तर तुमच्यात काहीही बिघडलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त खटकते ती ‘चुकलं तर पहिल्यापासून’ ही अट. लॅलींच्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झालेला दिसला नाही. आणि ठाण्यातल्या माणसाचा एखादा दिवस चुकणारच. पावसात रुळांवर पाणी येतं, गाड्या बंद पडतात, आणि कळव्यापर्यंत चालत आलेल्या माणसाला घरी पोचायला रात्र होते. घरात गौरी-गणपती असतात, लेकराला ताप असतो. अशा दिवसानंतर तुमचे सगळे आधीचे दिवस शून्य झाले, असं त्या माणसाला सांगणं क्रूर आहे. काही जण योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींचा दाखला देतात. अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घ काळ, सातत्य आणि आदर या तीन गोष्टी पतंजलींनी सांगितल्या आहेत, हे खरंच आहे. पण त्यातली पहिली गोष्ट दीर्घ काळ आहे, आणि खंड पडल्यास मागचं सगळं पुसून टाका असं त्या सूत्रात कुठेही नाही. चुकलं तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला बसायचं. फारच धावपळ असेल त्या दिवशी तीन मिनिटं बसा, आणि त्यालाही बसणंच म्हणा.

वेळेची गोष्ट सोपी आहे. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या १ तास ३६ मिनिटं आधी सुरू होतो, त्यामुळे तो घड्याळातल्या चारला बांधलेला नाही. जानेवारीत ठाण्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, तेव्हा हा मुहूर्त पाच-चाळीसच्या आसपास लागतो. पहाटे चारची घंटा विपश्यनेच्या शिबिरात होते, इगतपुरीला किंवा आपल्या बेलापूरच्या पारसिक हिलवरच्या केंद्रात. पण तिथे रात्री साडेनऊला झोपायचं असतं, जेवण आयतं असतं आणि फोन काढून घेतलेला असतो. रात्री अकराला जेवणाऱ्याने चारला उठायचं म्हणजे झोपेची कत्तल. फार झोपणाऱ्याला योग साधत नाही तसा फार जागणाऱ्यालाही साधत नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायातच आहे. म्हणून रोज होणाऱ्या एखाद्या कामाला ध्यान जोडा: आंघोळ झाली की, देवापाशी दिवा लावला की, वागळे इस्टेटमधली रात्रपाळी संपवून घरी आलात की. सुरुवातीला दहा मिनिटं पुरतात. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसा, पाठ ताठ असली म्हणजे झालं.

आता ‘निर्विचार’. माणसं सर्वांत जास्त इथेच खचतात. डोळे मिटले की गॅस सिलिंडर, मुलीची फी, ऑफिसमधलं बोलणं, सगळं एकदम समोर येतं, आणि वाटतं की ध्यान फसलं. मन वाऱ्यासारखं आवरायला कठीण आहे ही तक्रार अर्जुनानेही केली होती, आणि कृष्णाने ती खोडून काढली नाही. अभ्यासाने आणि वैराग्याने ते आवरता येतं, असं सांगितलं. त्याआधी गीतेच्या त्याच सहाव्या अध्यायात तो म्हणाला होता की मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून परत आणावं. म्हणजे मन पळणार हे गृहीतच आहे, आणि परत आणणं हाच अभ्यास आहे. दहा मिनिटांत चाळीसदा भरकटून चाळीसदा श्वासावर परत आलात, तर तुमचं ध्यान उत्तम झालं. ज्ञानेश्वर याच अध्यायात म्हणतात, या मनाचा एक चांगला गुण आहे: गोडी लागली की ते त्या ठिकाणी रुळतं. म्हणून त्याला धाक दाखवू नका.

करायचं ते असं: नाकपुडीशी श्वासाचा स्पर्श जाणवू द्या. विचार आला की ‘विचार आला’ एवढं ओळखा आणि श्वासाकडे वळा. खाली ट्रकचा हॉर्न वाजतो आहे, मेट्रोचं काम चालू आहे, तर काही वेळ ते आवाजच ऐका. झोप येत असेल तर डोळे उघडा, किंवा उठून सावकाश चाला. बसल्यावर घाबरायला होत असेल, जुन्या जखमा उसळून येत असतील, तर रेटू नका. थांबा आणि जाणकाराशी बोला. काही जणांना असा त्रास होतो, आणि हे मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.

मेंदूची रचना आठ आठवड्यांत बदलते असं एका छोट्या अभ्यासातून २०११ साली पुढे आलं होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठाने २०२२ मध्ये जास्त लोक घेऊन, जास्त काटेकोरपणे तपासलं, तेव्हा असा बदल आढळला नाही.

राहिल्या गोळ्या. २०१४ साली ४७ चाचण्यांचा, ३,५१५ लोकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने माफक उतार पडतो असं त्यात दिसलं, आणि मला तो लाभ मोलाचा वाटतो. पण औषधापेक्षा किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस ठरतं असा पुरावा त्यात मिळाला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी ध्यानाचा विचार करता येईल असं म्हटलं, ते नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. बीपीची गोळी बंद केल्यावर अनेकदा काही दिवस काहीच जाणवत नाही, म्हणूनच ते धोक्याचं आहे. हा मेसेज वाचून कुणी गोळ्या थांबवल्या असतील, तर आजच बीपी मोजून घ्या आणि आपल्या डॉक्टरांना फोन करा. ज्यांना तो पुढे पाठवायचाच आहे त्यांना हात जोडून विनंती: निदान ती ओळ काढून पाठवा.