‘करार झाला, आता पदवी जगभर चालते’ : या संदेशातले खरे किती?

निकाल लागले की यवतमाळ, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांतील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : भारत सरकारने अनेक देशांशी शैक्षणिक करार केले असून आपली कोणतीही पदवी आता जगात कुठेही चालते, जर्मनीत शिक्षण पूर्णपणे फुकट आहे, सातबाऱ्यावर बँक कर्ज देते, बाहेरून डॉक्टर होऊन आलेला मुलगा लगेच इथे दवाखाना टाकू शकतो, मात्र हे सगळे अधिकृत एजंटामार्फतच होते, तेव्हा जागा भरण्याआधी नोंदणीचे पैसे जमा करा. संदेश निव्वळ थापा असता तर त्याला उत्तर देत बसण्याचे कारण नव्हते. त्यातल्या बहुतेक वाक्यांना खऱ्या गोष्टीचा थोडाफार आधार आहे, म्हणूनच शिकलेली माणसेही तो विचार न करता पुढे पाठवतात.

पहिला मुद्दा करारांचा. करार झाले आहेत हे खरे. जुलै 2022 मध्ये ब्रिटनशी आणि मार्च 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाशी पदव्यांच्या परस्पर मान्यतेबाबत भारताची समजूत झाली. पण या समजुतींत ठरते ते इतकेच, की एका देशाची पदवी दुसऱ्या देशात कोणत्या पातळीची धरायची. ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीला भारतात पदव्युत्तर म्हणून मान मिळावा, हा त्यातला एक मोठा भाग होता. आपल्या बी.एस्सी.ला तिकडे बॅचलर पातळीची पदवी समजले जाईल, हे ठीक. परंतु प्रवेश द्यायचा की नाही हे विद्यापीठ ठरवते, व्हिसा त्या देशाचे सरकार ठरवते आणि व्यवसायाचा परवाना तिथली व्यावसायिक परिषद देते. या तिन्हींपैकी एकावरही करार बंधन घालत नाही. शिवाय वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, विधी आणि वास्तुकला या पदव्या ब्रिटनच्या करारातून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात बी.फार्म. आणि नर्सिंगची महाविद्यालये उभी राहिलेली असताना, हा संदेश सर्वाधिक उत्साहाने वाचणारी मुले नेमकी त्या वगळलेल्या यादीतली असतात.

‘जगात कुठेही’ हे तर मुळीच खरे नाही. युरोपातील 29 देशांनी 1999 मध्ये बोलोन्या येथे आपापल्या पदव्यांची रचना जुळवून घेण्याचे ठरवले, आज त्या व्यवस्थेत 49 देश आहेत, आणि भारत त्यांत नाही. युनेस्कोने 2019 मध्ये उच्च शिक्षणातील पात्रतांच्या मान्यतेसाठी जागतिक करार स्वीकारला, तो 5 मार्च 2023 पासून अमलात आला. त्या कराराने विद्यार्थ्याला जो हक्क दिला तो मोलाचा आहे, पण मर्यादित आहे : त्याच्या पदवीचे मूल्यमापन निःपक्षपातीपणे, वाजवी मुदतीत व्हावे आणि नकार द्यायचा तर कारण सांगावे. मान्यता मिळेलच असे तिथेही कुणी लिहून दिलेले नाही, आणि जे देश करारात सामील झाले त्यांच्यापुरताच तो लागू आहे.

पदवी मान्य झाली तरी गुणांचे काय होते, हे एका उदाहरणाने पाहू. जर्मनीतली अनेक विद्यापीठे परदेशी गुण स्वतःच्या श्रेणीत बदलण्यासाठी एक ठरलेले सूत्र वापरतात : कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचे, आलेल्या उत्तराला 3 ने गुणून त्यात 1 मिळवायचा. तिथे 1 ही सर्वोत्तम श्रेणी. कमाल 100 आणि उत्तीर्णतेला 40 धरले तर 62 टक्के मिळवणाऱ्या मुलीची श्रेणी 2.9 येते. अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना 2.5 किंवा त्याहून चांगली श्रेणी लागते, म्हणजे तिला 70 टक्के हवे होते. घरी पेढे वाटले गेलेल्या प्रथम श्रेणीचे तिकडे असे होते. यात अन्याय नाही, कारण गणित सगळ्यांना सारखेच लागू आहे. पण संदेश पाठवणारा हे गणित कधी दाखवत नाही.

आता ‘फुकट’. जर्मनीतील बहुतांश राज्यांत सार्वजनिक विद्यापीठे शिकवणी शुल्क घेत नाहीत, हे खरे आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला 1,500 युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024 च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. खरा अडसर दुसराच आहे. व्हिसासाठी वर्षभराचा खर्च, सध्या 11,904 युरो, बँकेच्या गोठवलेल्या खात्यात आधी भरून दाखवावा लागतो आणि तिथे गेल्यावर तो महिन्याला 992 युरोंच्या हप्त्याने हाती येतो. रुपयांत ही रक्कम बारा लाखांच्या आसपास जाते. त्याआधी शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या दिल्लीच्या एपीएस कार्यालयाचे प्रमाणपत्र हवे. नोव्हेंबर 2022 पासून बहुतेक भारतीय अर्जदारांना ते सक्तीचे आहे आणि त्याचे शुल्क 18,000 रुपये आहे. सोयाबीन विकून हाती येणाऱ्या पैशांतून ज्या घराचा वर्षभराचा प्रपंच चालतो, त्या घराला ‘फुकट’ म्हणून हे सांगणे ही फसवणूकच म्हणावी लागेल.

सातबाऱ्यावर कर्ज मिळते, हे वाक्य पीककर्जाबद्दल खरे आहे, शैक्षणिक कर्जाबद्दल नाही. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून घ्यायला त्या तयार नसतात. कारण बँकांच्या थकीत कर्जवसुलीसाठी असलेल्या 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 31 नुसार शेतजमिनीवर त्या कायद्याखाली जप्तीची कारवाई करता येत नाही. शेतकऱ्याला संरक्षण देणारी तरतूद त्याच्या मुलाच्या कर्जाच्या आड येते, हा विरोधाभास आहे खरा, पण कायदा तसा आहे. मग घर, अकृषिक भूखंड किंवा मुदत ठेव दाखवावी लागते, जी गावात फार थोड्यांकडे असते. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे. परदेशी प्रवेशाला ती लागू नाही.

डॉक्टरकीबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर 2021 च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि एकाच संस्थेतला असावा लागतो, तिथेच बारा महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप) करावी लागते आणि परतल्यावर चाळणी परीक्षा असते. जून 2024 च्या त्या परीक्षेत सुमारे 21 टक्के उमेदवार उत्तीर्ण झाले. युक्रेनमधून 2022 मध्ये परतलेल्या मुलांसाठी आयोगाने उरलेले शिक्षण तिसऱ्या देशात पूर्ण करण्याची मुभा दिली, तीही युद्धामुळे, अपवाद म्हणून.

हे सगळे वाचून ‘म्हणजे परदेशाचे खूळ आपल्या खेड्यातल्या पोरांनी डोक्यातून काढून टाकावे’ असा उलटा निष्कर्ष काढणारेही भेटतात. तोही मला मान्य नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख शंभर वर्षांपूर्वी एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकून आले. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेले, आणि त्यांनी यवतमाळहून सुरू केलेली एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना याच वाटेची माहिती देते. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातल्या 75 विद्यार्थ्यांची दर वर्षी निवड होते, पण विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत हवे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या 125 जागांत भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी अवघ्या चार जागा आहेत. त्या वाढवा ही मागणी लोकप्रतिनिधींकडे करण्यासारखी आहे. करारांच्या बातम्यांपेक्षा तिने अधिक फरक पडेल.

शेवटी एजंट. जर्मनीतल्या अनेक विद्यापीठांचे अर्ज ‘युनी-असिस्ट’ या केंद्रीय सेवेतून विद्यार्थी स्वतः भरू शकतो. पहिल्या अर्जाला 75 युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला 30 युरो लागतात. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस संयुक्त पदव्युत्तर कार्यक्रमांची शिष्यवृत्ती महिन्याला 1,400 युरोंची आहे, ती मिळणाऱ्याला शिकवणी शुल्क नाही, आणि अर्ज थेट त्या कार्यक्रमाकडे करायचा असतो. एजंटाला दलाली देणाऱ्या विद्यापीठांत खासगी संस्था अधिक असल्याने त्याचा सल्ला बहुधा तिकडेच झुकतो. त्याच्याकडे पैसे भरण्याआधी विद्यार्थ्याने करण्यासारखे काम वेगळेच आहे. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव छापलेले असते, पासपोर्टवर नाव व आडनाव वेगळ्या रकान्यांत येते, आणि एखादे अक्षर इकडेतिकडे झाले की पुढे प्रत्येक टेबलावर प्रतिज्ञापत्र मागितले जाते. ते आधी जुळवून घ्यावे आणि विद्यापीठातून सर्व सत्रांचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा अधिकृत उतारा, काढून ठेवावे. इरास्मसचे बरेचसे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात भरले जातात, त्यामुळे ही कामे दिवाळीच्या आत उरकलेली बरी.