ड्रायव्हरची झोप आणि आपला कार्यक्रम: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही बरीच वर्षं ग्रुपच्या सहली ठरवताय, हे तुमच्या प्रतिक्रियेतून कळतं. म्हणूनच दोन ओळींत आभार न मानता नीट उत्तर लिहितोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ड्रायव्हरसकट मिनीबस किंवा मोठी बस ठरवताना आधी ड्रायव्हरचे तास मोजावेत आणि मग सहलीचा कार्यक्रम आखावा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की ड्रायव्हरची झोप बघणं हे गाडीमालकाचं काम आहे, आपण पैसे त्याचेच मोजतो. तीन ठिकाणी भाव काढून जो कमी सांगेल त्याला काम द्यावं, मी उगाच खर्च वाढवतोय. आणि माझ्या लेखातले प्रश्न तुम्ही फोनवर विचारले तेव्हा गाडीवाला चिडला.

झोपेपासून सुरू करतो, कारण माझा सगळा जीव त्याच मुद्द्यात आहे. तुम्हीच दिलेला कार्यक्रम घेऊ. पहाटे ५ ला पहिला पिकअप, दिवसभरात तीन ठिकाणं, रात्री ११ ला शेवटचा माणूस घरी. आता हाच दिवस ड्रायव्हरच्या बाजूने बघा. ५ ला गाडी स्टॉपवर हवी तर ४ ला ती गॅरेजमधून निघायला हवी. त्याआधी टायरची हवा, कूलंट, काचा. म्हणजे हा माणूस ३ ला उठतो. पुरेशी झोप हवी तर आदल्या रात्री ८ ला तो अंथरुणात हवा, आणि आदल्या दिवशी भाडं असेल तर ८ ला तो बहुतेक रस्त्यावरच असतो. रात्री ११ ला तुमचा शेवटचा माणूस उतरतो तेव्हा त्याला उठून २० तास झालेले असतात. गाडी परत नेणं अजून बाकीच असतं.

१९९७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हाताडोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं ढिलं पडतं, असं त्यात दिसलं. अनेक देशांत एवढं अल्कोहोल घेऊन गाडी चालवणं गुन्हा आहे. दारूचा वास आलेला ड्रायव्हर आपण कुणीही चालवून घेणार नाही. २० तास जागा असलेला मात्र चालवून घेतो, कारण तो हसून बोलत असतो आणि डोळे उघडे असतात. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर जवळजवळ ९० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं.

तुम्ही लिहिलंय की मधले चार-पाच तास तो नुसता बसूनच असतो, तीच त्याची विश्रांती. हे मला अजिबात पटत नाही. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बसमध्ये जाऊन बघा. इंजिन बंद म्हणून एसी बंद, काच अर्धी खाली. सीटवर आडवं व्हावं तर मध्ये हँडब्रेक आणि गिअरचा दांडा. पाय लांब करून डोळा लागतो न लागतो तोच फोन वाजतो, ‘अहो, आजींची औषधाची पिशवी गाडीत राहिलीय, जरा दार उघडता का?’ मग पार्किंगवाला काच ठोकतो, गाडी पुढे घ्या. मग कुणी दोघं ऊन लागतंय म्हणून आधीच परत येऊन बसतात. यात माणूस बसून असतो हे खरं, पण त्याचा वेळ त्याचा नसतो. युरोपीय संघाच्या नियमांत विश्रांतीची व्याख्याच अशी आहे की तो सलग वेळ ड्रायव्हरला आपल्या मर्जीने वापरता आला पाहिजे. तिथे साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि २४ तासांत सलग ११ तासांची रोजची विश्रांती, आठवड्यातले मोजके दिवस ती ९ वर आणता येते. भारताचा मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ चा, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या अधिनियमात दिवसाचे कामाचे तास ८ होते, आणि मधल्या विश्रांतीसकट सगळा पसारा सर्वसाधारणपणे १२ तासांत आवरायचा होता. तुमचा कार्यक्रम यातल्या कुठल्याच चौकटीत एका ड्रायव्हरवर बसत नाही.

‘मग मालकाने नाही म्हणावं की!’ म्हणावंच, आणि जबाबदारीतून तो सुटतो असं मी म्हणतच नाही. पण पहाटे ५ ते रात्री ११ ही वेळ त्याला दिली कुणी? आपण दिली. तो नाही म्हणाला तर आपण पुढचा नंबर फिरवतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ड्रायव्हरला विचारलं तर तो ‘होऊन जाईल’ म्हणतो, कारण नाही म्हटलं तर पुढचं भाडं दुसऱ्याला जातं. या साखळीत ज्याला काहीही न गमावता वेळ बदलता येते असे फक्त आपणच आहोत. एक ठिकाण कमी करा, किंवा ७ ला निघून ७ ला परत या. तीनही ठिकाणं हवीतच तर मुक्काम करा आणि ड्रायव्हरला झोपायला खोली द्या, गाडीतली मागची सीट नको. दुसरा ड्रायव्हर घ्यायचा तर तो अर्ध्या वाटेत ताजा चढेल असं बघा. पहाटेपासून गाडीतच बसून आलेला माणूसही थकलेलाच असतो. आणि रात्री २ ते पहाटे ६ या वेळात शक्यतो प्रवास ठेवूच नका. शरीर तेव्हा झोप मागतंच, कितीही चहा पाजला तरी.

आता भावाचं. तीन ठिकाणी विचारावं हे मलाही मान्य आहे. पण ‘एक दिवसाची सहल, वीस माणसं, किती घ्याल?’ एवढंच विचारून आलेले तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत. एकाने गॅरेज ते गॅरेज किलोमीटर धरलेत, दुसऱ्याने तुमच्या पहिल्या स्टॉपपासून. एकाच्या भावात टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आहे, दुसऱ्याच्या भावात यातलं काहीच नाही आणि वरचे तास वेगळे लावणार आहे. कमी आकडा बऱ्याचदा असाच कमी झालेला असतो, आणि परतीच्या वाटेवर हिशेबावरून सगळ्यांसमोर वाद होतो. स्टॉप, वेळा, माणसं आणि सामान लिहून तोच मजकूर तिघांना पाठवा, ‘यात काय नाही ते सांगा’ असं विचारा. मग कमी भाव खरोखर कमी असेल तर खुशाल घ्या.

फोन उचलणाऱ्याची स्वतःची गाडी आहे की तो पुढे दुसऱ्याला काम देणार आहे, हेही विचाराच. मधला माणूस असण्यात गैर काही नाही. पण गाडी वाटेत बंद पडली तर बदली गाडी कोण पाठवणार, हे निघण्याआधी माहीत हवं. आदल्या दिवशी गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल मागून घ्या.

वीस सीटची गाडी वीस माणसांना आणि त्यांच्या बॅगांना पुरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. बॅगा मधल्या वाटेत आणि मागच्या दाराशी रचल्या तर संकटाच्या वेळी बाहेर पडायची वाटच बंद होते. टपावर चढवल्या तर वळणावर गाडी जास्त कलते. टायरचं वय बघायला फार काही लागत नाही. कडेवर छापलेल्या लांबलचक अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला टायर.

राहिला चिडलेला गाडीवाला. वीस प्रश्न एका दमात फोनवर विचारले तर कुणीही वैतागेल, सीझनमध्ये तर नक्कीच. बाकीचं लेखी पाठवा आणि फोनवर दोनच विचारा: आदल्या दिवशी हा ड्रायव्हर किती वाजता मोकळा होणार आहे, आणि आमचं काम संपल्यावर त्याचं पुढचं भाडं किती वाजता आहे. चांगले मालक याचं उत्तर लगेच देतात, कारण त्यांच्या वहीत ते लिहिलेलंच असतं. एवढ्या दोन प्रश्नांवरही जो चिडेल, त्याच्या गाडीत तुमच्या ग्रुपला बसवू नका, भाव कितीही कमी असला तरी.