निंबोळी अर्काची वेळही महत्त्वाची

व्यावसायिक माळ्याच्या आठवडाभराच्या कामांविषयीच्या एका लेखात जास्वंदीवरील पिठ्या ढेकणासाठी (पांढऱ्या, मेणचट आवरणाची, झाडाचा रस शोषणारी कीड) निंबोळी अर्क सुचवला आहे; तो योग्यच आहे, परंतु फवारणी केव्हा करावी हे सांगायचे राहून गेले आहे. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात लवकर निष्प्रभ होतो, त्यामुळे आमच्या मराठवाड्यात भर उन्हात केलेली फवारणी बरीचशी वाया जाते. मी छत्रपती संभाजीनगरातील काही बंगल्यांच्या बागा सांभाळतो. 50 ग्रॅम निंबोळीची भरड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून, त्यात किंचित साबणाचे पाणी मिसळून मी तो अर्क ऊन उतरल्यावर फवारतो आणि त्याच दिवशी संपवतो.

त्याआधी पाने उलटून पाहणे मात्र आवश्यक आहे, कारण पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळीही तशीच पांढऱ्या, मेणचट धाग्यांनी झाकलेली असते. फक्त ती आकाराने मोठी आणि चालण्यात चपळ असते. सुरुवातीची काही वर्षे मी या मित्रकिडीलाच मारत होतो, हे कबूल करताना आजही संकोच वाटतो.

बागकामात स्थानिक ठिकाणांपासून काय शिकलो म्हणाल, तर आमच्या शहरातल्या हिमायत बागेतील जुन्या झाडांखालचा पालापाचोळा पाहूनच मी पाने जाळणे बंद केले. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीवर तीच पाने पसरल्याने ओल टिकते. वाळवीच्या भीतीने ती खोडाला टेकू देत नाही, एवढेच.