आधी मुलींची शाळा की आधी आगगाडी?

माहितीच्या खेळांबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याला उत्तर येत नाही त्यालाही डोकं लढवता येत असेल, तरच तो खेळ मित्रांच्या बैठकीत आणावा. ‘ट्रिव्हियल परसूट’चा मान मोठाच आहे, 1979 साली मॉन्ट्रियलच्या दोन पत्रकारांना तो सुचला आणि प्रश्नमंजूषा घराघरांत गेली. पण त्यात उत्तर येतं तर येतं, नाहीतर गप्प बसा. ज्याचं वाचन दांडगं तो सुटतो आणि बाकीचे थोड्या वेळाने मोबाइल काढतात.

म्हणून मला ‘टाइमलाइन’ फार आवडतो. फ्रेदेरिक आन्री यांचा हा खेळ 2010 साली आला. प्रत्येक कार्डावर एखादी घटना किंवा शोध, साल फक्त मागे. चार-चार कार्डं वाटायची, मागची बाजू कुणी बघायची नाही. मधे एक कार्ड साल दिसेल असं मांडायचं. पाळी आली की आपलं कार्ड रांगेत कुठे बसेल ते ठरवायचं, ठेवायचं आणि उलटायचं. बरोबर असेल तर राहिलं. चुकलं तर बाद, गठ्ठ्यातून नवं उचला. ज्याचा हात आधी रिकामा तो जिंकला. रांग वाढते तशा फटी अरुंद होतात आणि सुरुवातीला सोपा वाटलेला डाव शेवटी घाम काढतो.

आम्ही याच नियमांवर आपल्याकडच्या घटनांचा संच केलाय. जाड कार्डपेपर आणि स्केचपेन, बस्स. एकदा रांगेत 1853 ची बोरीबंदर-ठाणे आगगाडी लागली होती. एका मैत्रिणीच्या हातात भिडे वाड्यातली मुलींची शाळा. बराच विचार करून तिने शाळा गाडीच्या नंतर ठेवली. उलटली तर 1848! म्हणजे देशात पहिली प्रवासी गाडी धावायच्या पाच वर्षं आधी सावित्रीबाई पुण्यात मुलींना शिकवत होत्या. दोन्ही सालं आम्ही सगळ्यांनी शाळेत पाठ केलेली, पण वेगवेगळ्या धड्यांत. शेजारी-शेजारी कुणी ठेवलीच नव्हती. त्यानंतर बराच वेळ डाव पुढे सरकला नाही, नुसत्या गप्पा. मला खेळाकडून हेच हवं असतं.

फर्ग्युसन कॉलेज (1885) आयफेल टॉवरच्या (1889) आधीचं, हेही असंच कळलं. आणि पानशेतचं 1961 चं कार्ड निघालं तेव्हा मित्राची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. काकू तेव्हा लहान होत्या. वाड्यात पाणी शिरलं, वडिलांनी त्यांना खांद्यावर बसवून बाहेर काढलं. आम्ही कार्डं हातातच धरून ऐकत राहिलो.

संच करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. ज्या तारखांवर इतिहासकारांतच वाद आहेत त्या घेऊ नका, संध्याकाळ भांडणात जाते. आणि साल व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलू नका. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट वाचता येतो, तिथे बघा. गेटवे ऑफ इंडिया (1924) आणि डेक्कन क्वीन (1930) अशा जवळजवळच्या जोड्या मुद्दाम घाला, खरी चुरस तिथेच येते.

आमच्या गठ्ठ्यात पुणे-मुंबई फार झालंय. मराठवाडा मुक्तिसंग्राम (1948) आहे, पण विदर्भ, खानदेश आणि कोकणातली कार्डं हवी आहेत. तुमच्याकडची एखादी घटना सालासकट कळवा, पुढच्या शनिवारच्या आत कार्ड तयार करते.