‘शेवटी देव एकच’ म्हणणाऱ्या काकांसाठी

वसई रोडहून सकाळची लोकल. बावीस वर्षं तोच डबा, तोच दरवाजा, जवळपास तीच माणसं. पलीकडच्या डब्यात टाळ वाजायचे, आमच्या डब्यात आमचा वाद. मी नास्तिक. माझा मित्र कॅथलिक, वसईच्या वाडीतला, अंधेरीला एका शाळेत गणित शिकवायचा म्हणून त्याचं नाव मास्तर. रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) कधी चुकवायची नाही, उपवासकाळात मटणाला शिवायचं नाही. आणि वाद घालताना आवाज चढवायचा नाही, याचा मला फार राग यायचा. अंधेरी आली की तो उतरायचा. वाक्य अर्धं असलं तरी उतरायचा. दुसऱ्या दिवशी त्याच अर्ध्या वाक्यापासून सुरू.

आमच्यात एक काका होते. शेअर बाजारातले, सज्जन, दर मंगळवारी डबाभर प्रसाद वाटायचे. वाद रंगात आला की ते मधे पडायचे: “अरे जाऊ दे ना. शेवटी देव एकच. सगळे धर्म एकच सांगतात.” डब्यातले सगळे माना डोलवायचे आणि विषय संपायचा.

गंमत म्हणजे या वाक्याने माझ्यापेक्षा मास्तर जास्त वैतागायचा. एकदा मीरा रोडला मला हळूच म्हणाला, “तू निदान मला चूक तरी म्हणतोस. काका मला बरोबर म्हणतात, पण मी काय म्हणतोय ते ऐकतच नाहीत.”

हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. पुढे त्याने मला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल आणून दिलं. “आधी वाच, मग मार,” म्हणाला. वाचताना सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात थबकलो. पंधरावा अध्याय. पौल सरळ म्हणतो की ख्रिस्त मेलेल्यातून उठला नसेल तर आमचं सांगणं फुकट आणि तुमची श्रद्धाही फुकट. बघा, दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस ‘भावना महत्त्वाची’ वगैरे म्हणत नाही. घडलं असेल तर सगळं, नसेल तर काहीच नाही. आता अशा माणसाला ‘सगळं एकच हो’ म्हणणं म्हणजे त्याने मांडलेला डाव उधळून लावणं. त्यापेक्षा ‘नाही उठला’ असं तोंडावर सांगणारा त्याचा जास्त मान ठेवतो.

बदल्यात मी मास्तरला आगरकर दिले. (आगरकर काटेकोर अर्थाने नास्तिक नव्हेत, अज्ञेयवादी, हे मला मास्तरनेच वाचून ऐकवलं.) एक योगायोगही त्यानेच शोधून काढला. १८९५च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात आगरकर गेले. “एक गडी तुमचा गेला, एक आमच्यात आला. हिशेब बरोबर.” गणिताचा मास्तर, दुसरं काय.

आता वादाचा एक नमुना देतो, नाहीतर तुम्हाला वाटेल नुसतेच गोडवे गातोय.

मास्तरचा लाडका मुद्दा असा. जगातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे. या डब्याला पुढचा डबा ओढतो, त्याला त्याच्या पुढचा. नुसते डबेच डबे जोडत गेलास तर गाडी हलेल का? कुठेतरी इंजिन पाहिजे. मी म्हटलं, “मास्तर, ही लोकल आहे. हिला इंजिन नसतंच. मोटर अधल्यामधल्या डब्यांतच असते.” डबा हसला. मी खूश. मास्तर शांतपणे छताकडे बोट दाखवून म्हणाला, “आणि मोटरला वीज कुठून येते? वर पँटोग्राफ आहे. त्याच्या वर तार आहे.” मी तारेवरून पॉवरहाऊसवर गेलो, पॉवरहाऊस कुणी बांधलं इथवर आलो आणि अंधेरी आली.

हाच वाद २८ जानेवारी १९४८ला बीबीसी रेडिओवर झालाय. एका बाजूला तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल, दुसऱ्या बाजूला फ्रेडरिक कोपलस्टन हे येशूसंघीय (जेझुइट) फादर. सुरुवातीलाच कोपलस्टननी देव या शब्दाची व्याख्या सांगितली आणि रसेलनी ती मान्य केली. आपल्याकडच्या टीव्हीवर एवढं झालं तरी निम्मी चर्चा वाचेल. मग कोपलस्टन: विश्व असण्याला काहीतरी कारण हवंच. रसेल: प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून अख्ख्या मानवजातीला एक आई असते असं होत नाही, विश्व आहे, बस्स. त्यावर कोपलस्टन जे म्हणाले ते मला आजही बोचतं. बुद्धिबळाच्या पटावर बसायलाच जो नकार देतो त्याला मात करता येत नाही.

कोपलस्टननी हे रसेलना सुनावलं होतं. मला मात्र आमचे काका आठवतात. रसेल निदान पटासमोर बसून ‘ही खेळी मला मान्य नाही’ म्हणाले. काका पटच गुंडाळून प्रसाद वाटायला घेतात.

मग २०१२ आलं. मार्चमध्ये विलेपार्ल्याला, इर्ला इथल्या वेलंकनी मातेच्या चर्चपाशी क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक जमले, प्रार्थना सुरू झाल्या, पाणी भांड्यांत गोळा व्हायला लागलं. दिल्लीहून सनल एडामारुकू आले, विवेकवादी चळवळीतलं मोठं नाव. त्यांनी जागा पाहिली, फोटो काढले. जवळची सांडपाण्याची वाट तुंबली होती. ते पाणी भिंतीत झिरपत वर चढत होतं आणि खिळ्याच्या भोकातून क्रूसावर उतरत होतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. टीव्हीवरच्या चर्चेत मात्र ते तेवढ्यावर थांबले नाहीत, चर्च चमत्कारांचा बाजार मांडतं असंही बोलले. मग पोलिसांत तक्रारी. कलम २९५-अ, इंग्रजांनी १९२७मध्ये आणलेलं, धार्मिक भावना दुखावल्याचं. माफी मागा म्हणजे मिटेल, असा सूर चर्चकडूनही निघाला. त्यांनी मागितली नाही आणि त्याच वर्षी ते फिनलंडला गेले.

त्या दिवसांत मी मास्तरवर अक्षरशः तुटून पडलो. तो म्हणाला, “पाणी गटाराचं आहे हे सांगणारा माझा शत्रू कसा? मी प्यायलो असतो तर जुलाब मलाच झाले असते.” टीव्हीवर ते आमच्या लोकांना खोटारडे म्हणाले ते मात्र मला लागलं, असंही म्हणाला. मी म्हटलं लागू दे, लागल्याला पोलीस कशाला? आणि हे तू मला का सांगतोस, तुझ्या धर्मग्रामाच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या लोकांच्या, बैठकीत सांगितलंस का? गप्प झाला. दोन-तीन आठवड्यांनी बोरिवली गेल्यावर एकदम म्हणाला, “बोललो.” मग काय झालं? “काही नाही. चहा मिळाला नाही.”

मला वाटतं, त्या न मिळालेल्या चहाची किंमत माझ्या बावीस वर्षांच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा जास्त आहे. नास्तिकाने चर्चवर टीका करायला काय लागतं? माझ्या बाजूच्या लोकांना ‘तुम्हीही उगाच उर्मट बोलता’ असं सांगायची वेळ आली तेव्हा मी काय केलं, ते विचारू नका. लाइक देऊन पुढे गेलो.

खरं तर कॅथलिक परंपरेतच शंकेला पगारी नोकरी होती. १५८७पासून संतपदाच्या प्रकरणात विरोधी बाजू मांडायला एक अधिकारी नेमलेला असायचा. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणायचे. १९८३मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पद्धत बदलली आणि त्या पदाचा दरारा गेला. पण मदर तेरेसांचं प्रकरण चालू असताना, २००१मध्ये, चर्चने साक्षीला कुणाला बोलावलं? ख्रिस्तोफर हिचन्सला! मदरवर जहरी पुस्तक लिहिलेला, जगातला बहुधा सर्वांत तोंडाळ नास्तिक. तो गेला, बोलला. मदर २०१६मध्ये संत झाल्याच, म्हणजे त्याचं कुणी मानलं नाही. पण बोलावून ऐकून घेतलं. इर्ल्यात हे का जमलं नाही, असं मी मास्तरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “त्या साक्षीच्या खोलीत टीव्हीचा कॅमेरा नव्हता म्हणून.” यात तथ्य आहे. बघणारे जमले की दोघेही एकमेकांशी न बोलता गर्दीशी बोलायला लागतात. डब्यातही व्हायचं ते. माझे सगळ्यात खोटे मुद्दे सगळ्यात जास्त टाळ्यांचे होते.

त्याच हिचन्सला २०१०मध्ये अन्ननलिकेचा कर्करोग झाला. त्याच्या मदतीला धावला फ्रान्सिस कॉलिन्स: मानवी जनुकांचा नकाशा तयार करणाऱ्या प्रकल्पाचा प्रमुख राहिलेला शास्त्रज्ञ आणि पक्का ख्रिस्ती. दोघं आधी देवावरच वाद घालणारे. कॉलिन्सने त्याच्यासाठी गाठीच्या जनुकीय तपासणीपर्यंत खटपट केली. हिचन्स २०११च्या डिसेंबरमध्ये गेला, नास्तिक म्हणूनच. आधीच बजावून ठेवलं होतं त्याने, शेवटी मी देवाला शरण गेलो अशी अफवा आली तर तो बोलणारा मी नसेन. मला कॉलिन्सचं कौतुक औषधांपेक्षा या गोष्टीसाठी आहे की त्याने मित्राला शिकार मानलं नाही.

आता माझी चूक. सांगितल्याशिवाय ही पोस्ट खोटी होईल.

२६ डिसेंबर २००४, रविवार, नाताळचा दुसरा दिवस. तामिळनाडूत वेलंकनीला त्सुनामीने शेकडो यात्रेकरू नेले. तिथल्या मरियामातेच्या देवळाची इमारत मात्र वाचली आणि लोक त्याला चमत्कार म्हणू लागले. आमच्याकडून, मुंबई-वसईकडून वेलंकनीला जाणारे किती, ते इथल्यांना सांगायला नको. जानेवारीत गाडीत मी म्हटलं, “देवाने स्वतःचं घर वाचवलं आणि पाहुणे बुडवले.” वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं. दोघंतिघं हसले. मास्तर दाराकडे तोंड करून उभा राहिला तो अंधेरीपर्यंत. त्याच्या शेजारच्या वाडीतली दोन माणसं तिथे गेली होती, हे मला संध्याकाळी कळलं. तीन आठवडे तो आमच्या डब्यात चढला नाही.

मी त्याच्या घरी गेलो. तो वाडीत होता, त्याच्या आईने दार उघडलं. सुकेळी आणि चहा पुढे केला. मी चाचरत सांगितलं की मावशी, मी असं असं बोललो. त्या म्हणाल्या, “तू गाडीत भांडतोस. आम्ही मिस्सेला जाऊन भांडलो. वाईट काय बोललास? फक्त फार लवकर बोललास.” मग मास्तर आला, हात धुतले आणि विचारलं, “पॉवरहाऊसपर्यंत आलो होतो ना आपण?”

गाडीतल्या माझ्या त्या वाक्यातला प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. समुद्राला आवरू न शकणाऱ्या किंवा न आवरणाऱ्या देवाचं काय करायचं, याचं उत्तर मास्तरने कधी दिलं नाही. देता येत नाही, असं तो स्वतःच म्हणतो. प्रश्न मी मागे घेतलेला नाही, फक्त तो विनोद मागे घेतला.

मास्तर निवृत्त झाला त्या दिवशी आम्ही गाडीत पेढे वाटले. काकाही होते. मी मुद्दाम जुनाच प्रश्न काढला: “ख्रिस्त उठला नव्हता असं उद्या पक्कं सिद्ध झालं तर काय करशील?” मास्तर म्हणाला, “मग रविवारी सहाच्या मिस्सेला मीही उठणार नाही.” सगळे हसले. मग त्याने मला विचारलं, “आणि तुझं काय? काय दिसलं तर तू मान्य करशील की तू चुकलास?”

काका लगेच म्हणाले, “अरे, शेवटी देव…”

“काका, थांबा,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अंधेरी आली.

तो आता वसईत वाडी बघतो. गेल्या रविवारी भेटला तेव्हा पहिला प्रश्न तोच. अजून उत्तर दिलेलं नाही मी. प्रामाणिक उत्तर सापडत नाहीये.