उंबरठ्याच्या आत कोरिया

कोरियन मालिकेतली नायिका कितीही रडत घरी आली, तरी आधी बूट काढते. ते बघून लेकीने फर्मान काढलं, आपल्या दारातली जागाही तशीच कोरियन, नीटनेटकी आणि शांत करायची. मला वाटलं, निम्मं काम झालेलंच आहे. चपला आपणही काढतोच की! फक्त जिन्यात, शेजाऱ्यांच्या चपलांवर.

तिकडे दाराच्या आत ‘ह्योनग्वान’ असतो. फरशीचा छोटा चौकोन, घरापेक्षा जरासा खोल. घराची जमीन ‘ओन्दोल’ने खालून तापवलेली, लोक तिच्यावर बसणार, लोळणार, म्हणून बाहेरची धूळ या खड्ड्यातच थांबवायची. गवंड्याला म्हटलं, दारापाशी जमीन थोडी खाली घ्या. तो म्हणाला, "साहेब, खालच्या काकूंच्या पंख्याला लागेल. त्यापेक्षा उरलेलं घर वर उचलू का?" एका पट्टीवर भागवलं. थंडी अडवायला तिथे आत आणखी एक सरकतं दार असतं, ‘जुंगमुन’. डोंबिवलीच्या मे महिन्यात त्याने नेमकं काय अडवायचं, हे लेकीलाही सांगता येईना.

तोरण आणि लिंबू-मिरचीला हात लावायचा नाही, ही आईची अट. कोरियाने जे करायचं ते उंबरठ्याच्या आत. लेकीने शोधून काढलं, की तिकडेही जुन्या वळणाची माणसं दारावर दोरा गुंडाळलेला सुका मासा टांगतात, वाईट शक्ती दूर राहाव्यात म्हणून. "बघ," आई म्हणाली, "आपलं लिंबू निदान वास तरी मारत नाही."

खरी मेख मात्र कपाटात आहे. त्या घरांत वस्तू कमी असतात असं नाही. जमिनीपासून छतापर्यंत चपलांचं कपाट असतं आणि सगळा पसारा त्याच्या पोटात. हे आम्हाला जमण्यासारखं होतं. पांढरंशुभ्र, बिनमुठीचं, दाबलं की उघडणारं कपाट आलं. छत्र्या, हेल्मेट, बॅट, गणपतीचं मखर, सगळं आत कोंबलं. बाहेरून नुसती भिंत. मग भाऊजी आले. बूट काढताना तोल सावरायला त्यांनी त्या भिंतीला हात टेकला. आधी मखराचा खांब आला, मग बॅट, थोडं थांबून हेल्मेट. भाऊजी एका पायावर "असू दे, असू दे" म्हणत उभे.

माणूस आला की आपोआप लागणारा छतातला दिवा आईला एकदम पसंत पडला. आमचं दार दिवसभर उघडं. समोरच्यांकडे कोण, किती वाजता आलं, ते आता तिला स्वयंपाकघरातून कळतं.

शेवटी लेकीने कोपऱ्यासाठी ‘दालहांगारी’ आणली. म्हणजे चंद्रासारखी गोल, पांढरी बरणी. अस्सल बरण्या कोरियातल्या जोसॉन राजवटीच्या काळातल्या, सतराव्या-अठराव्या शतकातल्या. दोन मोठे वाडगे चाकावर वेगवेगळे घडवून पोटाशी जोडायचे, त्यामुळे गोलाई कुठेतरी चुकायचीच. रसिक त्या चुकण्यावरच जीव टाकतात. लेक हे सगळं भक्तिभावाने सांगत होती. आई चष्मा लावून बरणीभोवती फिरली आणि म्हणाली, "वाकडी आहे."

दुसऱ्या दिवशी आई बरणी घेऊन दुकानात गेली, वाकडेपणाचे दोनशे रुपये कमी करून घेतले आणि त्या पैशांत ‘वेलकम’ लिहिलेलं हिरवंगार पायपुसणं घेऊन आली.