पस्तावलात ना? मग बोला की मोठ्याने

ट्रेडमिलवर टॉवेल वाळत घालतात हा जोक आता इतका जुना झालाय की त्या ट्रेडमिलचीही वॉरंटी संपली असेल. घेऊन पस्तावलो असा विषय निघाला की आपण सगळे तिथेच जातो. एअर फ्रायर, माळ्यावरचा ज्यूसर, सेलमध्ये घेतलेला आणि लेबलसकट लटकलेला ड्रेस. हसतो आणि विषय संपतो. पण हे पस्तावे परवडणारे आहेत हो. निम्म्या किमतीत कोणीतरी घेऊन जातं, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकता येतं, आणि दिवाळीच्या साफसफाईत तेवढाच एक कोपरा मोकळा. मला बोलायचंय ते घरात दिसतच नाहीत अशा खरेद्यांबद्दल, हॉलिडे मेंबरशिप, विम्याची पॉलिसी असल्या. त्या कपाटात असतात, साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पाकिटात, आणि दर वर्षी ठरल्या तारखेला खात्यातून पैसे कटले की मगच आठवतात.

आणि यावर लोकांचं एकच ठरलेलं उत्तर, "घेताना विचार करायचा ना!" मला या वाक्याचा भयंकर राग येतो. कारण या वस्तू विकायची सगळी पद्धतच अशी बसवलेली असते की तुम्हाला विचार करायला जागा मिळू नये.

हॉलिडे मेंबरशिपचं बघा, म्हणजे पैसे आधी भरायचे आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्या हॉटेलात सुट्टीला जायचं. मॉलमध्ये चकाचक गाडी उभी असते, कूपन भरा म्हणतात, थोड्या दिवसांनी फोन येतो, अभिनंदन मॅडम, 3 दिवस 2 रात्रींचा स्टे लागलाय तुम्हाला, फक्त व्हाउचर घ्यायला जोडीने यायचं. हे जोडीने महत्त्वाचं आहे. एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून उठू शकतो, ती वाट पहिल्या फटक्यात बंद. माझे दादा-वहिनी गेले होते, पोरांना सांभाळायला म्हणून मीही गेले, त्यामुळे हे सगळं बाजूच्या खुर्चीवरून बघितलंय. गोल टेबलं, गाणी एवढ्या जोरात की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं, आणि मध्येच कोणी मेंबरशिप घेतली की माइकवर नाव पुकारून टाळ्या. आमच्या टेबलावरचा मुलगा पंचविशीतला, चेहऱ्याने अगदी गरीब. त्याने दादाला पगार नाही विचारला, "सर, लास्ट ट्रिप कुठे केली?" विचारलं. मग कोऱ्या कागदावर पुढच्या 25 वर्षांचा हॉटेलचा खर्च मांडत गेला, दर वर्षी वाढवत वाढवत, आणि आकडा भीती वाटण्याएवढा झाला तेव्हा पेन खाली ठेवून खुर्ची वहिनीकडे वळवली. "मॅडम, सर फॅमिलीसाठी एवढं तर करतीलच ना?"

आता यावर वहिनीने काय म्हणायचं? नाही म्हणाली तर चारचौघांत नवऱ्याची पत गेली, आणि दादा नाही म्हणाला तर तो कंजूष. मग थोड्या वेळाने मॅनेजर आला, "माझ्या कोट्यातून करून देतो, पण आजच्या आज, बाहेर पडलात की हा रेट नाही." कार्ड स्वाइप झालं, उरलेल्याचे ईएमआय. वर दर वर्षी मेंटेनन्स, जा किंवा जाऊ नका. शाळेच्या सुट्टीत, म्हणजे मे आणि दिवाळीत, कधी बघावं तर फुल. मिळतं काय, तर जुलैत महाबळेश्वर. धो धो पावसात खोलीत बसून भजी खायला मेंबरशिप कशाला लागते, भजी आमच्या घरीही होतात.

गंमत म्हणजे हाच प्रकार मोबाइलच्या स्क्रीनवर व्हायला लागला तेव्हा सरकारला दिसला. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला नकळत गुंडाळणाऱ्या डावांबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 13 प्रकार दिलेत. खोटी घाई लावणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, न विचारता कार्टमध्ये काहीतरी ढकलणं, सुरुवातीला कमी दाखवून शेवटी चार्जेस जोडणं, सारखं टोचत राहणं. ती यादी वाचली तर त्यातले निम्मे प्रकार आमच्या त्या एका टेबलावर होऊन गेले होते. पण तो नियम ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरच्या खरेदीविक्रीचा, हॉटेलच्या हॉलमधल्या टेबलाला कोण विचारतंय. युरोपात अशा हॉलिडे मेंबरशिपच्या कराराला 14 दिवस असतात, काहीही कारण न देता मागे फिरता येतं आणि तेवढ्या मुदतीत ॲडव्हान्सही घ्यायला बंदी. आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा धरलीये, ते चांगलंच आहे. पण वस्तू धडधाकट आहे आणि माझं मन बदललं, याला सरसकट काही नाही. तिथे दुकानदाराची मर्जी आणि भिंतीवरची पाटी, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

एका ठिकाणी मात्र आहे आणि तीच माहिती लोकांना नसते म्हणून खरं तर एवढं लिहायला बसले. आयुर्विम्याची पॉलिसी. कागद हातात पडल्यापासून 30 दिवस, त्याला फ्री लूक म्हणतात. आधी साधारणपणे 15 दिवस होते, 2024 पासून 30 झाले. नको वाटली तर लेखी कळवायचं, स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढे दिवस विमा होता त्याचे पैसे कापून बाकी पैसे परत.

माझ्या मावशीला तिच्या भाच्याने, म्हणजे माझ्याच मामेभावाने, पॉलिसी दिली. मावशी 52 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वर्षाला 60 हजार, 15 वर्षं भरायचे, 20 वर्षांनी साधारण 16 लाख. "आत्या, नऊ भरा, सोळा घ्या." ऐकायला काय सुंदर आहे! मी फोनवर हिशोब केला, परतावा साडेचार टक्क्यांच्याही आत येतो. तेच 60 हजार दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी बचत योजनेत, टाकले तर आजच्या 7.1 टक्क्यांनी 15 वर्षं पूर्ण होतानाच सव्वासोळा लाख होतात. म्हणजे तेवढेच पैसे, पाच वर्षं आधी. पीपीएफचा दर बदलू शकतो हे मान्य, तरी एवढा फरक भरून निघायचा नाही. विमा आहे ना म्हणाल तर तो जेमतेम सहा लाखांचा, त्यापेक्षा कितीतरी मोठं कव्हर साध्या टर्म प्लॅनमध्ये, म्हणजे नुसत्या विम्याच्या पॉलिसीत, बसलं असतं. आणि सगळ्यात कहर म्हणजे बाई 58 ला रिटायर होणार आणि हप्ते 66 पर्यंत.

मावशीला हे काही कळत नव्हतं असं नाही. गणित शिकवते ती. "अगं, तो चहा प्यायला आला होता, टार्गेट पूर्ण व्हायचंय म्हणाला, दादाचा मुलगा आहे, नाही कसं म्हणू?" कंपनीचा व्हेरिफिकेशनचा कॉल येतो ना, सगळं समजलं का विचारायला, तो आला तेव्हा हा शेजारीच बसलेला. "आत्या, सगळ्याला येस म्हणायचं, नाहीतर अडकतं." तिने सगळ्याला येस म्हटलं. नंतर पॉलिसीचं पाकीट स्पीड पोस्टने आलं आणि न फोडता साड्यांखाली गेलं.

बँकेत होतं ते याचंच भावंड. एफडी मॅच्युअर झाली की "काका, एफडीसारखंच आहे, फक्त जास्त मिळतं" म्हणून पॉलिसीवर सही घेतात, पुढच्या वर्षी बघायला जावं तर तो माणूस बदली होऊन दुसऱ्या ब्रँचला. असो.

ती 30 दिवसांची मुदत हुकली की मग खरा सापळा. दोन हप्ते गेले, आता तिसरा नाही भरला तर आधीचे बुडतील, म्हणून तिसरा, मग चौथा. जुन्या नियमात अशी बचत आणि विमा एकत्र असलेली पारंपरिक पॉलिसी दोन वर्षांच्या आत बंद केली तर हातात भोपळा, दोन वर्षांनी भरलेल्याच्या साधारण 30 टक्के. 1 ऑक्टोबर 2024 पासून नियम सुधारले, एका वर्षानंतरही काहीतरी परत मिळतं, पण काहीतरीच. तरी कागद-पेन घेऊन बसा, जे गेले ते धरूच नका, इथून पुढे भरायचे किती आणि मिळायचे किती एवढंच मांडा. काही वेळा बंद करणंच स्वस्त पडतं.

आणि आपण गप्प का बसतो याचंही उत्तर आहे. जॅक ब्रेम नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 1956 चा प्रयोग आहे, बायकांना टोस्टर, कॉफीमेकर असल्या वस्तूंना मार्क द्यायला सांगितले, मग दोनातली एक निवडून घरी न्या म्हणाले, आणि पुन्हा मार्क घेतले. निवडलेली वस्तू एकदम वर, नाकारलेली खाली. वस्तू तीच हो! दादाचं तेच झालंय. मेंबरशिपबद्दल कोणी विचारलं तर "तसं वाईट नाहीये, प्लॅनिंग नीट करावं लागतं" म्हणतो, आणि त्याचं ऐकून त्याच्या साडूने पण घेतली. विकणाऱ्याला अजून काय पाहिजे, फसलेला माणूसच फुकटात जाहिरात करतोय. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण आपल्याकडे ती घेताना एकदा नडते आणि घेतल्यावर "फसलो" म्हणायला दुसऱ्यांदा नडते.

तर मावशीचं पाकीट मी फोडलं तेव्हा मुदत थोडीच उरली होती. अर्ज मी लिहिला, सही करायला तिने दुपारभर लावली, "वाईट दिसेल गं" चाललंच होतं. शेवटी आम्ही दोघी कंपनीच्या शाखेत गेलो, काउंटरवरची मुलगी आधी "एजंटनाच पाठवा ना" म्हणाली. पाठवायचं नसतं, स्वतः अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून तारखेसकट पोच घ्यायची, ती मिळेपर्यंत हलायचं नाही. पैसे आले, थोडे कापून. ऐकलंच नाही कोणी तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, विम्याच्या तक्रारी सोडवायला विमा लोकपाल आहेत, वकील लागत नाही.

मामेभाऊ त्यानंतर बरेच दिवस आमच्याशी बोलत नव्हता. राखीलाही आला नाही. परवा बारशाला भेटला तेव्हा स्वतःहून ताटात जिलबी वाढायला आला, म्हणाला, "ताई, पॉलिसीचं काम सोडलं मी. आता सोलर करतो. 78 हजारांपर्यंत सबसिडी आहे, गच्ची तुमचीच आहे ना?"